गेमिंग संगणकाची जुळणी

गेमिंग संगणकाची जुळणी म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्यासाठी लागणाऱ्या वैयक्तिक संगणकाचे सुटे भाग स्वतंत्रपणे निवडून, विकत घेऊन व एकत्र जोडून संगणक तयार करणे होय. अशा संगणकाला बोलीभाषेत 'असेंबल केलेला पीसी' किंवा नुसते 'गेमिंग पीसी' म्हणतात. तयार विकत मिळणाऱ्या संगणकापेक्षा यात भागांच्या निवडीचे स्वातंत्र्य अधिक असते, मात्र भागांचा परस्परमेळ साधण्याची जबाबदारी जुळणी करणाऱ्यावर येते. महाराष्ट्रात, विशेषतः नाशिकसारख्या शहरांत, या निवडीवर स्थानिक वीजपुरवठा, उन्हाळ्यातील तापमान, धूळ व वॉरंटी सेवेची उपलब्धता यांचा मोठा प्रभाव पडतो. परदेशातील परिस्थिती गृहीत धरून दिलेले सल्ले म्हणूनच येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

पार्श्वभूमी

सुट्या भागांपासून संगणक जुळवण्याची प्रथा आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकापासून रूढ झाली. त्या संगणकाची रचना खुली असल्याने इतर उत्पादकांनाही त्याला जुळणारे भाग बनवता आले. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. मदरबोर्डचा आकार, त्याची स्क्रूची छिद्रे आणि वीजपुरवठा करणाऱ्या खोक्याची मापे त्याने निश्चित केली. तीस वर्षांनंतरही एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो, तो या मानकामुळेच.

भारतात १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध शिथिल झाले. पुढे १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकाच्या बहुतेक भागांवरील मूळ सीमाशुल्क शून्यावर आले. या काळात मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड ही सुट्या भागांची पश्चिम भारतातील प्रमुख बाजारपेठ बनली. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण संगणकवाल्यांच्या तोंडी १९०३ ते १९०७ या काळातील मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचेच नाव टिकून आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस व बंगळुरूचा एस. पी. रोड ही याच प्रकारची अन्य स्थळे होत.

निवडीचा क्रम

जुळणीची सुरुवात सामान्यतः ग्राफिक्स कार्डाच्या नावापासून केली जाते. प्रत्यक्षात ती मॉनिटरपासून आणि खेळायच्या गेमपासून करणे अधिक योग्य ठरते. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, तर ४के पडद्यावर सुमारे ८२.९ लाख. प्रत्येक चित्रचौकटीत ग्राफिक्स कार्डाला इतके बिंदू रंगवावे लागतात. सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील तर एका चौकटीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ चौकटी हव्या असतील तर जेमतेम ७. पडदा ठरला की कार्डाची गरज बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

गेमच्या प्रकारानुसारही ही गरज बदलते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत चित्र तुलनेने साधे असते, पण चौकटींचा वेग फार लागतो. तेथे प्रोसेसर निर्णायक ठरतो. सायबरपंक २०७७ सारख्या दृश्यसमृद्ध खेळात भार प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डावर पडतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या खेळाला तर हार्डवेअर रे-ट्रेसिंगची सोय असलेले कार्डच लागते. जुने कार्ड कितीही वेगवान असले तरी चालत नाही. याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला व २०२० मध्ये प्रकाशित झालेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ मध्यम क्षमतेच्या संगणकावरही चांगला चालतो.

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

एकूण खर्चातील सर्वांत मोठा वाटा, साधारणपणे एक तृतीयांश ते निम्मा, ग्राफिक्स कार्डाचा असतो. एनव्हिडिया, एएमडी व इंटेल या तीन कंपन्या त्यांच्या चिप बनवतात, तर प्रत्यक्ष कार्डे बहुतांशी अन्य उत्पादक तयार करून विकतात. त्यामुळे एकाच चिपची कार्डे वेगवेगळ्या लांबीची, पंख्यांची व वॉरंटीची मिळतात. कार्डावरील स्मृती हा दुर्लक्षित होणारा मुद्दा आहे. अनेक नव्या खेळांना उच्च दर्जाच्या चित्रासाठी ८ जीबी अपुरी पडते आणि खेळ अडखळू लागतो; म्हणून त्याच किमतीच्या आसपास १२ किंवा १६ जीबीचे कार्ड मिळत असल्यास दीर्घकाळाच्या दृष्टीने ते श्रेयस्कर मानले जाते.

प्रोसेसरच्या बाबतीत नावामागील अक्षरे वाचणे आवश्यक असते. इंटेलच्या क्रमांकामागे 'एफ' असल्यास त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० मध्येही ते नसते, रायझेन ५ ५६००जी मध्ये मात्र असते. ग्राफिक्स कार्ड काही महिन्यांनी घेण्याचा बेत असणाऱ्याने अंगभूत ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर घेतल्यास तोवर पडद्यावर काहीच दिसत नाही. नावामागे 'एक्स३डी' असलेल्या रायझेन प्रोसेसरांत कॅश स्मृतीचा अधिकचा थर असतो व खेळांत त्याचा लक्षणीय लाभ होतो. कार्यालयीन कामात तो फारसा जाणवत नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कंपनीने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि दुरुस्त मायक्रोकोड दिला. असा प्रोसेसर वापरायचा असल्यास मदरबोर्डचा बायोस प्रथम अद्ययावत करावा लागतो.

प्रोसेसर व कार्ड यांत प्रमाणबद्धता नसेल तर महागड्या भागाची क्षमता वाया जाते. मात्र 'बॉटलनेक' या शब्दाचा बाजारात जितका बाऊ केला जातो, तितके त्याचे महत्त्व नाही. खेळागणिक भार बदलत असल्याने कोणता ना कोणता भाग नेहमीच मागे पडतो.

मदरबोर्ड, रॅम व साठवण

मदरबोर्डची निवड प्रोसेसरच्या सॉकेटवरून होते. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१७ पासून अनेक पिढ्या चालले आणि त्यात डीडीआर४ रॅम लागते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये फक्त डीडीआर५ चालते. या दोन रॅममधील खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. रॅमच्या एकाच पट्टीऐवजी समान क्षमतेच्या दोन पट्ट्या घेतल्यास स्मृतीची वहनक्षमता दुप्पट होते. १६ जीबीची एक पट्टी हे दुकानांत सर्रास दिले जाणारे, पण खेळांसाठी गैरसोयीचे संयोजन आहे. चार खाचा असलेल्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवतात. जोडणीनंतर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय सुरू केली नाही, तर रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने चालत नाही.

साठवणीसाठी एम.२ प्रकारची एनव्हीएमई एसएसडी आता सामान्य झाली आहे. मोठे खेळ १०० जीबीहून अधिक जागा घेत असल्याने एक टीबी ही व्यवहार्य किमान मर्यादा ठरते.

वीजपुरवठा

संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाला भारतीय बाजारात एसएमपीएस म्हणतात. खर्च वाढू लागला की कात्री प्रथम याच भागावर चालवली जाते, आणि संपूर्ण जुळणीत सर्वांत महाग पडणारी चूक बहुधा हीच असते. कॅबिनेटसोबत फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळणाऱ्या एसएमपीएसवर '४५०' असा आकडा छापलेला असतो, पण तितकी वीज १२ व्होल्टच्या वाहिनीवर तो सलग देऊ शकत नाही. संरक्षक मंडल नसल्यास तो निकामी होताना मदरबोर्ड, कार्ड व एसएसडी यांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो. वर्षानुवर्षांच्या बचतीतून घेतलेले कार्ड दोन-तीन हजार रुपये वाचवण्यापायी गमावले जाते. २००४ पासून प्रचलित असलेले '८० प्लस' हे चिन्ह केवळ कार्यक्षमतेचे निदर्शक आहे. अंतर्गत भागांच्या टिकाऊपणाची हमी त्यातून मिळत नाही. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक वॉरंटी हे त्यापेक्षा अधिक भरवशाचे लक्षण समजले जाते.

भारतातील घरगुती वीजदाब २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान कोणत्याही दाबावर चालत असल्याने कमी दाबासाठी त्यांना वेगळ्या स्टॅबिलायझरची सहसा गरज नसते. धोका उलट्या दिशेने असतो. त्रिफेज वितरणात खांबावरील न्यूट्रल तार सैल झाली किंवा तुटली, तर काही घरांत दाब थेट ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्यावर केवळ बटण बंद न करता प्लग व इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

अर्थिंग हा याहून दुर्लक्षित विषय. कॅबिनेटच्या धातूला हात लागताच झिणझिण्या येणे हे एसएमपीएस बिघडल्याचे लक्षण असेलच असे नाही. त्याच्या आत फेज व न्यूट्रल यांना बॉडीशी जोडणारी छोटी धारित्रे असतात आणि अर्थिंग नसल्यास बॉडीवर मुख्य दाबाच्या जवळपास निम्मा दाब येतो. प्रवाह अत्यल्प असला तरी जोडकाम करताना त्याने भागांना इजा होऊ शकते. जुन्या वाड्यांत, तसेच अनेक भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण त्यातील तिसरी तार कोठेच गेलेली नसते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारे अडॅप्टर वापरल्यास परिणाम तोच. अर्थिंगवाचून स्पाइक गार्डचे संरक्षणही अपुरे राहते. संगणक घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेण्याचा खर्च किरकोळ असतो.

यूपीएसच्या खोक्यावरील व्हीए हा आकडा वॅटचा नव्हे. ६०० व्हीएचा प्रचलित यूपीएस सुमारे ३६० वॅटच देऊ शकतो. खेळ चालू असताना संगणक व मॉनिटर मिळून ४०० वॅट घेत असतील, तर वीज जाताच असा यूपीएस अतिभाराने बंद पडतो, म्हणजे ज्या क्षणासाठी तो घेतला त्याच क्षणी उपयोगी पडत नाही. अशा संगणकासाठी १००० व्हीए किंवा अधिक क्षमता पाहावी लागते. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा झाल्यास तो शुद्ध साइन वेव्ह प्रकारचा असावा आणि त्यावरील बटण 'यूपीएस' स्थितीत असावे. त्या स्थितीत बदल सुमारे १० मिलिसेकंदांत होतो आणि चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो.

वीजबिलाचा हिशोबही आधी करता येतो. खेळताना ४०० वॅट घेणारा संगणक रोज चार तास चालल्यास महिन्याला सुमारे ४८ युनिट खर्च होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर पुढचा, महाग टप्पा सुरू होत असल्याने ही वाढ अनेक घरांत वरच्या दराने आकारली जाते.

उष्णता, धूळ आणि दमट हवा

नाशिकची ख्याती थंड हवेची असली तरी एप्रिल-मे महिन्यांत तेथील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कूलर कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्याची कामगिरी नेहमी खोलीच्या तापमानाच्या वर मोजली जाते. परदेशी चाचणीत २१ अंशांच्या खोलीत ७० अंश दाखवणारा प्रोसेसर स्लॅबखालच्या ३८ अंशांच्या खोलीत साधारण ८७ अंशांवर जातो. जिल्ह्यातील निफाडला डिसेंबर-जानेवारीत राज्यातील सर्वांत कमी तापमानांपैकी तापमाने नोंदवली जातात. तेथे हिवाळ्यात तपासून समाधानकारक वाटलेला संगणक मे महिन्यात अडखळू लागला, तर त्यात बिघाड शोधण्यापूर्वी ऋतू लक्षात घ्यावा.

म्हणून कॅबिनेट निवडताना पुढची बाजू जाळीची असणे महत्त्वाचे. समोर काच व आत रंगीत दिव्यांचे पंखे असलेली कॅबिनेटे दुकानात आकर्षक दिसतात, पण हवा आत येण्याचा मार्गच त्यात अरुंद असतो. पुढून हवा आत व मागून-वरून बाहेर, अशी साधी मांडणी पुरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवल्यास फटींतून धूळ कमी शिरते. जाळीमागे धुता येणारा धूळगाळ असावा आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी स्वच्छ करावा. मोकळ्या राहिलेल्या फटींतून मुंग्या व पाली आत शिरण्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत. मागील बाजूस वापरात नसलेल्या पट्ट्यांची भोके झाकून ठेवणे सोपे आहे.

उन्हाळ्यात खोलीत पाण्याचा कूलर लावण्याची पद्धत आहे. त्याची दमट हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, कारण धुळीच्या थरावर ओल धरली की गंज व शॉर्टसर्किट या दोहोंची शक्यता वाढते. लिक्विड कूलिंगचे आकर्षण मोठे असले, तरी मध्यम क्षमतेच्या प्रोसेसरला चांगला टॉवर एअर कूलर पुरतो. त्यात बिघडण्यासारखा भाग एकच, पंखा, आणि तो कोठेही बदलून मिळतो.

खरेदी, बिल आणि वॉरंटी

नाशिकचा ग्राहक तीन ठिकाणांहून भाग घेऊ शकतो : शहरातील दुकाने, ऑनलाइन विक्रेते आणि मुंबईची बाजारपेठ. मुंबईस सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने नाशिक रोडला परतता येते; दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठतात. किमतीतील फरक बघताना प्रवासखर्चासोबत वॉरंटीचाही विचार करावा लागतो. बिघडलेला भाग स्थानिक दुकानदारामार्फत पाठवता आला तर ग्राहकाचा एक हेलपाटा वाचतो, आणि हजार-पाचशे रुपयांच्या फरकापेक्षा हे अनेकदा मोलाचे ठरते.

संगणकाच्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. 'बिलाशिवाय स्वस्त' या प्रस्तावात कराची रक्कम वाचते, पण वॉरंटीचा पुरावा व ग्राहक म्हणून दाद मागण्याचा आधार दोन्ही जातात. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घेणे आणि तो खोक्यावरील व भागावरील क्रमांकाशी ताडून पाहणे आवश्यक असते. खोक्याविना विकला जाणारा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त असतो, मात्र त्याची जबाबदारी सामान्यतः उत्पादकाची नसून विक्रेत्याची असते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते.

जुन्या ग्राफिक्स कार्डांचा बाजार स्वतंत्र सावधगिरीचा आहे. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली पद्धत बदलल्यावर खननासाठी अहोरात्र राबवलेली असंख्य कार्डे जगभर विक्रीस आली. असे कार्ड निकामीच असते असे नाही, पण त्याचे पंखे व थर्मल पेस्ट बदलावे लागण्याची शक्यता असते. त्याहून मोठी फसवणूक म्हणजे जुन्या चिपच्या कार्डाचा बायोस बदलून त्यावर नव्या कार्डाचे नाव उमटवणे. जीपीयू-झेड या मोफत आज्ञावलीने चिप तपासल्याशिवाय व निदान अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जोडणी आणि पहिली चाचणी

प्रत्यक्ष जोडणी अवघड नसते. एक स्टार स्क्रूड्रायव्हर व तीन-चार तासांचा निवांत वेळ पुरतो. प्रोसेसर, कूलर व रॅम मदरबोर्डवर बसवून, तो खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून एकदा चालू करून पाहण्याची पद्धत चांगली आहे. दोष असल्यास सारे उकलावे लागत नाही. सॉकेटमधील पिना केसाइतक्या बारीक असतात आणि एक जरी वाकली तरी बहुतेक विक्रेते बोर्ड परत घेत नाहीत. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ छिद्रांच्या नेमके खाली आहेत हे पाहावे, नाहीतर बोर्ड धातूला टेकून शॉर्ट होतो. प्रोसेसरची व ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला सारखी असली तरी त्यांची अंतर्गत जोडणी भिन्न असते. सुट्या केबलांच्या एसएमपीएसमध्ये तर एका मॉडेलची केबल दुसऱ्याला लावल्यास एसएसडी जळू शकते. सोळा पिनांची नवी जोडणी असलेल्या कार्डांत ती पूर्ण आत न गेल्याने वितळल्याच्या घटना २०२२ पासून नोंदल्या गेल्या आहेत. ती 'खट्' आवाज येईपर्यंत दाबून, तोंडाशी न वाकवता बसवतात.

मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाला लावावी लागते. ही चूक इतकी सामान्य आहे की 'नवे कार्ड चालतच नाही' अशा तक्रारीत प्रथम हेच पाहतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये मॉनिटरचा वेग ६० हर्ट्झवरून त्याच्या पूर्ण क्षमतेवर नेणेही अनेकांकडून राहून जाते. विंडोज १० चे नियमित अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्याने नव्या जुळणीत विंडोज ११ वापरतात. त्यासाठी टीपीएम २.० आवश्यक असते; व्हॅलोरंटसारखे काही खेळ त्यासोबत सिक्युअर बूटही मागतात. दोन्ही बायोसमध्ये सुरू करता येतात.

चालू झालेल्या संगणकाची रॅम मेमटेस्ट८६ ने आणि एकूण स्थैर्य एखाद्या जड खेळाने काही तास तपासतात. ही तपासणी दुकानाची परत घेण्याची मुदत संपण्यापूर्वी करावी. खोकी, बिले व भागांसोबत आलेले स्क्रू वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवतात. पुढील बदलाच्या वेळी कॅबिनेट, एसएमपीएस व एसएसडी बहुधा नव्या संगणकातही वापरता येतात. उरलेले निकामी भाग मात्र भंगारवाल्याकडे न देता १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावयाचे असतात.